तराजूवर ठेवलेली चाकं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशिनिंगच्या शेडमध्ये कास्टिंग मोजून घ्यायचा एक काटा आहे. एका शनिवारी कामगार गेल्यावर मी त्याच्यावर माझ्या पोलोचं सतरा इंची चाक टायरसकट ठेवलं. १९ किलो ६०० ग्रॅम. ते उतरवून गाडीबरोबर आलेलं मूळचं पंधरा इंची ठेवलं. १५ किलो ९००. तीनतीनदा ठेवून बघितलं, आकडा हलेना.

आमचे टर्नर मामा अजून गेले नव्हते. वडिलांच्या वेळचे, त्यामुळे मला अजूनही अरे-तुरेच करतात. हातावर तंबाखू मळत मागे उभे.

"हे काय करूलास?"

"वजन करूलोय."

"ते दिसूलंय की. कशाला?"

ते नीट सांगता यायला मला पुढचे आठ-नऊ महिने लागले.

गाडी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी पेटी. हिला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर माझं आणि भाच्याचं कधीच जमलं नाही. तो म्हणतो चार दरवाजे आणि पुढची चाकं ओढणारी गाडी स्पोर्ट्स कार नसते. असेल. पण बेळगावात बसून ट्रॅकवर न्यायला परवडते ती हीच, आणि चाकाचं गणित पोलोला जे तेच पोर्शेला.

कंपनीचे टायर १८५/६० आर १५. ज्यांना हे आकडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी: टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची भिंत त्या रुंदीच्या ६० टक्के म्हणजे १११ मिमी, आणि रिम १५ इंची. रिमचे ३८१ मिमी आणि वरखाली दोन भिंतींचे २२२, मिळून चाकाचा बाहेरचा व्यास ६०३ मिमी. हा ६०३ आकडा मी शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता. सगळी तुलना त्याच्याशी.

सतरा इंची घेतली ती निव्वळ हौसेनं. एका मोठ्या शहरातल्या दुकानात, काळी, बारीक आऱ्यांची, २०५/४० आर १७ टायरांवर. व्यास ५९६ च्या आसपास, म्हणजे मूळपेक्षा सव्वा टक्काच कमी. त्या बाजूनं काही चूक नव्हती. टिळकवाडीतून फिरवताना पोरं वळून बघायची. बाजूची भिंत मात्र १११ वरून ८२ मिमीवर आली होती, आणि पावसाळ्यानंतरचा चोर्ला घाटाचा रस्ता ज्यानं बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको. गोव्याहून येताना एका खड्ड्यात डाव्या पुढच्या रिमचा काठ आत वळला. हवा गेली नाही, हे नशीब.

त्याआधीच एक गोष्ट मला छळत होती. शंभरच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. दुकानदारानं दोनदा बॅलन्सिंग करून दिलं आणि दोन्ही वेळा "रोड खराब है सर" म्हणाला. हत्तरगी टोलच्या पुढचा रस्ता काही एवढा खराब नाही. शेवटी शेडमध्ये चाक उतरवलं आणि व्हर्निअर लावून माप घेतलं, तेव्हा डोक्याला हात लावायची पाळी आली. पोलोच्या हबचा, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या मधल्या गाभ्याचा, व्यास ५७.१ मिमी. रिमचं मधलं भोक ७३.१. बाजारातल्या रिम अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून हे भोक मोठंच ठेवतात आणि मधली फट भरायला हब रिंग नावाचं कडं घालायचं असतं. ते कडं दुकानानं दिलंच नव्हतं. म्हणजे चाक मध्यावर धरून ठेवायला पाच बोल्टांशिवाय काही नव्हतं.

आणि बोल्ट बघितले तर आणखी मजा. फोक्सवॅगनचा मूळ बोल्ट एम १४, पिच १.५, आणि त्याचं रिमवर टेकणारं तोंड गोल असतं, १३ मिमी त्रिज्येच्या गोळ्याचा तुकडा जणू. बाहेरच्या बहुतेक रिमना मात्र ६० अंशांची कोनी बैठक असते. दुकानानं कोनी बैठकीत मूळचेच गोल तोंडाचे बोल्ट आवळून दिले होते. गोल तोंड कोनात बसलं तर अख्खा पृष्ठभाग टेकतच नाही, एका बारीक रेषेवर सगळा भार येतो. आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या टॉर्क रेंचवर १२० न्यूटन मीटर दिसतात, पण रेषा दबत जाते आणि बोल्ट सैल होत जातो. ज्याचा धंदाच मशिनिंगचा आहे त्यानं हे सहा महिने बघितलं नाही, याची लाज दुकानदारापेक्षा मलाच जास्त वाटली.

कडी मामांनीच केली. ॲल्युमिनियमच्या बारमधून, बाहेरून ७३ आणि आतून ५७.१ ला ५० मायक्रॉन ढिलं. कोनी तोंडाचे बोल्ट कोल्हापुरातून आणले. थरथर एका दिवसात गेली.

अशी दुरुस्त केलेली सतरा इंची चाकं घेऊन मी पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, १९९० पासूनचा, ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. गंमत म्हणजे तो आपल्याच रस्त्यावर आहे. बेळगावात ज्याला आपण अजून पी. बी. रोड म्हणतो तो राष्ट्रीय महामार्ग ४८ धारवाड, दावणगेरे, तुमकूर, बंगळूर करत थेट तिथवर जातो. साधारण आठशे किलोमीटर, आणि महामार्ग एकदाही बदलायचा नाही.

त्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गाडी वळणातून बाहेर निघताना सुस्त वाटली. वळणात स्टिअरिंग आणखी फिरवलं तरी नाक बाहेरच जायचं. तिसऱ्या सत्रानंतर पुढच्या टायरांचे बाहेरचे खांदे तासल्यासारखे झाले होते, आतली बाजू मात्र जवळपास नवी. एक पुढचा टायर फेंडरच्या आतल्या प्लास्टिकला घासून जळका वासही देत होता. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथं, एक वयस्क गृहस्थ जुनी मारुती एस्टीम घेऊन आले होते. त्यांची चाकं चौदा इंची, आणि ते मला दर दुसऱ्या फेरीला मागं टाकत होते. मी चाकांबद्दल विचारलं तर त्यांनी उलट मलाच विचारलं, आधी टायर निवडलास की आधी रिम? मी अर्थातच रिम.

परत आल्यावर मग तो काटा आणि ते वजन.

एका चाकामागे ३.७ किलो जास्त, चारांचे मिळून जवळपास १५ किलो. गाडीत एक गोणी तांदूळ टाकला तर एवढा फरक जाणवत नाही. पण हे वजन स्प्रिंगच्या खालचं आहे, आणि शिवाय ते फिरतं. फिरणाऱ्या वस्तूत वजन किती यापेक्षा ते मध्यापासून किती लांब आहे हे महत्त्वाचं, आणि ते अंतर वर्गानं मोजावं लागतं. १७ भागिले १५ चा वर्ग साधारण १.२८. म्हणजे रिमच्या कड्यातला तोच एक किलो धातू पंधराऐवजी सतरा इंचावर गेला की फिरवायला आणि थांबवायला २८ टक्के जड. मामांना हे सांगायला गेलो तर म्हणाले, "मोठा चक लावला की लेथ उशिरा थांबतोय, एवढंच की." एवढंच.

मग माझा मोर्चा पंधरा इंचाकडे वळला. पण मूळच्या सहा इंच रुंद रिमवर नाही. कडेला तासलेले खांदे बघून मला वाटत होतं की मला रुंद टायरपेक्षा रुंद रिम हवी. टायर अरुंद रिमवर बसवला की भिंती वर फुगून येतात, तोंड आवळलेल्या गाठोड्यासारख्या, आणि वळणाचा जोर आला की टायर खांद्यावर लोळतो. रिम रुंद केली की भिंती जरा ताठ उभ्या राहतात. अर्धा इंच रिम वाढली की त्याच टायरची रुंदीही साधारण ५ मिमी वाढते. टायरनं सांगितलेल्या मर्यादेबाहेर मात्र जायचं नाही. १९५/५५ आर १५ ला साडेपाच ते सात इंच चालतात. मी सात धरली.

सात इंच रिमचं दुसरं टोक म्हणजे ऑफसेट, रिमवर ईटी म्हणून कोरलेला असतो. रिमच्या मध्यापासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती बाहेर आहे, तो आकडा. सहा इंच ईटी ४० काढून सात इंच ईटी ३५ लावली तर काय होईल? एक इंच म्हणजे २५.४ मिमी, दोन्हीकडे १२.७. ऑफसेट पाचानं कमी झाला म्हणून सगळं चाक ५ मिमी बाहेर. बाहेरची कड १७.७ मिमी बाहेर, आतली कड ७.७ मिमी आत. ईटी ४० ठेवली असती तर आत १२.७ गेली असती.

हे ७.७ मिमी सस्पेन्शनच्या नळीला, म्हणजे स्ट्रटला, लागतील का, हे कागदावर कळत नाही. गणपतीचे दिवस होते. अनगोळमधल्या मूर्तिकाराकडून शाडूचा एक गोळा आणला, नळीवर टायरच्या समोर चिकटवला, जुन्या चाकाला आतून ८ मिमीचा पट्टा बांधला आणि गाडी जॅकवरून हळूहळू खाली घेत स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं. पट्ट्यानं शाडू दाबला तिथं उरलेली जाडी व्हर्निअरनं मोजली: साडेपाच मिमी. टायर वळणात थोडा झुकतो हे धरून मला चारच्या खाली नको होतं. साडेपाच चालणार होते. ब्रेकच्या कॅलिपरसाठी कुंदा मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून फर्मा केला. इंच तेच असले तरी आऱ्यांचा बाक वेगळा असतो, आणि रिम आत गेली पण आरी कॅलिपरला घासली असं लोकांचं झालेलं मी पाहिलंय. खोकं रिकामं करायचं काम घरच्यांनी आनंदानं केलं.

आता रिम आणायची कुठून? इथं मला एक शहाणपण सुचलं होतं, ते सांगतो. बेळगावात फाउंड्र्यांना तोटा नाही. ॲल्युमिनियम ओतणारा माझा शाळेतला मित्र दोन गल्ल्या पलीकडे आहे. म्हटलं पॅटर्न करू, चार रिम ओतू, सीएनसीवर मी मशीन करतो. तो आधी हसला, मग गंभीर झाला. त्यानं जे सांगितलं ते मला माहीत होतं, फक्त हौसेच्या भरात विसरलो होतो. चांगली ओतीव रिम ए ३५६ मिश्रधातूची, लो प्रेशर डायमध्ये खालून वर भरलेली, मग टी ६ म्हणजे तापवून, विझवून, परत मंद आचेवर मुरवलेली. त्यानंतर वळणाचा भार देऊन लाखो फेरे फिरवायची चाचणी, भाराखाली ड्रमवर पळवायची चाचणी, वरून वजन आपटायची चाचणी. वाळूच्या साच्यात ओतलेल्या तुकड्यात वायूचा एक बुडबुडा आरीच्या मुळाशी राहिला तर एक्स-रेशिवाय दिसणार नाही. "पंपाची बॉडी फुटली तर गिऱ्हाईक फोन करतंय. ही फुटली तर मी तुझ्या घरी कुठल्या तोंडानं येऊ?" विषय तिथं संपला.

रिम शेवटी पुण्यात मिळाल्या, रॅली सोडलेल्या एका माणसाकडून. १५ बाय ७, ईटी ३५, ५ बाय १०० चा पीसीडी (१०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट), एकेक ६ किलो ४००. घेण्याआधी आऱ्यांच्या मुळाशी डाय पेनिट्रंट मारून भेगा बघितल्या. विकणाऱ्याला जरा राग आला असावा. रिमचं मधलं भोक इथंही ७३.१ च निघालं, त्यामुळे मामांची हब रिंग तशीच कामाला आली.

टायरचं दुखणं याहून मोठं. मला २०५/५० आर १५ हवा होता, २०० च्या आसपास ट्रेडवेअर असलेला, म्हणजे पटकन झिजणारा पण चिकट. व्यास ५८६, मूळपेक्षा तीन टक्क्यांच्या आत कमी, त्यामुळे प्रत्येक गिअर तेवढाच आखूड होऊन वळणातून निघताना फायदाच. पण जून २०२० मध्ये केंद्रानं गाड्यांच्या नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली. परवान्याशिवाय टायर बाहेरून येत नाही, आणि पंधरा इंची चिकट टायरसाठी कोण परवाना काढत बसणार? हुबळी, कोल्हापूर, पुणे सगळीकडे विचारलं. एका दुकानात २०५/५० आर १५ चे दोन निघाले, पण भिंतीवरचा चार आकडी शिक्का बघितला तर सात वर्षांपूर्वीचा आठवडा. वाळलेलं रबर घेऊन काय करू?

१९५/५० आर १५ मिळत होता. तो व्यासानं ५७६, जवळपास साडेचार टक्के कमी. वेगमापक तेवढा चढवून दाखवणार हे चाललं असतं, पण त्याचा भारांक ८२, म्हणजे एका टायरला ४७५ किलो. मूळचा ८४, म्हणजे ५००. ट्रॅकवर ब्रेक दाबून वळताना बाहेरच्या पुढच्या टायरवर काय येतं हे तासलेले खांदे बघून कळलं होतं, त्यामुळे मूळपेक्षा कमी भारांक घ्यायला हात धजेना. राहिला १९५/५५ आर १५. भारांक ८५, म्हणजे ५१५ किलो, व्ही रेटिंग म्हणजे ताशी २४० पर्यंतचा, व्यास ५९५.५. फॅक्टरीतून महिन्याभरापूर्वी निघालेला ताजा माल, साध्या रस्त्याचा पण उन्हाळी जातीचा. पॅडॉकमधल्या त्या गृहस्थांचा प्रश्न तेव्हा नीट कळला. मला हवी ती रिम कुठं ना कुठं मिळतेच. टायर मिळेल तोच घ्यावा लागतो.

नवा टायर कोरड्या ट्रॅकवर लगेच नेऊ नये असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. आठ मिलिमीटर उंचीचे रबराचे ठोकळे वळणात लुळे पडतात आणि तापून फाटतात. शर्यतवाले टायर तासून घेतात. मामा म्हणाले, "आण की लेथवर." त्यांचा डोळा खरोखर त्यावर होता. मी हात जोडले. दोन महिने खानापूर रोडवर फिरवून ते साडेसहावर आणले, तेवढ्यावर भागवलं.

जानेवारीत निघालो. रस्त्यावर कंपनीचीच चाकं लावली आणि ही चार मागची सीट पाडून आत रचली. गाडीतल्या फेरफारांबद्दलच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून वाटेत कुणाशी वाद नको, आणि ट्रॅकचा टायर महामार्गावर झिजवायचा नाही, अशी दोन कारणं. हिरेबागेवाडी टोलवरचा पोरगा आत डोकावून म्हणाला, "टायर अंगडी इदेया सर?" दुकान आहे का म्हणून. हसून पुढे गेलो.

ट्रॅकवर चाकं बदलली, १२० ला आवळली. निघताना मामांनी खिशात त्यांची चुन्याची डबी कोंबली होती, ती माझ्याच सूचनेवरून. टायरच्या खांद्यावरून भिंतीपर्यंत चुन्याची एक उभी रेघ ओढायची. काही टायरांच्या खांद्याजवळ छोटा त्रिकोण असतो, त्याच्यापर्यंत चुना पुसला गेला तर टायर बरोबर काम करतोय. त्याच्याखाली गेला तर लोळतोय, हवा कमी आहे. वरच राहिला तर हवा जास्त. सकाळी थंड असताना ३० पीएसआय भरली. पाच फेऱ्यांनी आलो तर ३७. टायर तापला की साधारण पाच-सहा अंशांना एक पीएसआय चढतो, म्हणजे आतली हवा चाळीसेक अंश तापली होती. चुना त्रिकोणाच्या वरच. गरमागरम ३३ वर उतरवली. पुढच्या सत्रात चुना त्रिकोणाला टेकला. मग ३२ करून बघितलं तर खाली उतरला, परत ३३. बोल्ट पहिल्या सत्रानंतर गार झाल्यावर पुन्हा तपासले, एक जरासा फिरला.

गाडी वेगळीच होती. लांब उजव्या वळणात मधूनच आणखी थोडं स्टिअरिंग फिरवलं तर नाक आत यायचं, जे सतरा इंचावर कधी झालं नाही. फेरीची वेळ आधीपेक्षा १ सेकंद ८ दशांश कमी आली. यातलं चाकाचं किती आणि थंडीतल्या हवेचं किती, हे मी सांगू शकत नाही. माझं स्वतःचं तर फारच थोडं असावं, कारण चौथ्या सत्रात एकदा गवतात जाऊन आलो. आणि डीएसजी तापून धोक्याचा दिवा लागला ते वेगळंच. त्यावर चाकांचा उपाय नाही.

सोमवारी शेडमध्ये चाकं उतरवली. मामांनी डावा पुढचा टायर मांडीवर घेतला आणि अंगठा आतून बाहेर फिरवला. बाहेरच्या कडेवर अंगठा अडला. पूर्वीइतका तासलेला नव्हता, पण डेप्थ गेजवर आतल्या कडेपेक्षा सव्वा मिमी कमी.

"ह्या बाजूनं जास्त खाल्लंय बघ. चाक लईच उभं आहे. वरून जरा आत कलवाय पाहिजे."

"त्याला कॅम्बर प्लेट लागती मामा. वर, स्ट्रटच्या टोकाला."

"मिळती?"

"मिळती. महाग."

त्यांनी टायर खाली ठेवला, हात पुसले आणि बॉनेट उघडायला सांगितलं. मी उघडलं. ते स्ट्रटच्या वरच्या नटाकडे बघत उभे राहिले आणि खिशातून व्हर्निअर काढला.